झिजलेला उंबरा

दोन हजार वर्षं जुन्या खानावळीच्या ओट्यावर मी बसलो आणि पहारेकऱ्याने शिट्टी मारली. मला ते बाक वाटलं होतं. बरोबरच्या चाळीस पर्यटकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. बायकोने मात्र दुसरीकडे पाहिलं.

"उठा साहेब," मिस्त्री म्हणाले. "आधी हात लावून बघावं, मग बूड टेकावं."

'हात लावून बघा' हे त्यांचं नेहमीचं. शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या एका मार्बलच्या कारखान्यात मी ऑफिस सांभाळायचो, ते लादी बसवणाऱ्यांचे फोरमन. इंजिनियर नकाशे उलगडत असायचे तेव्हा हे डोळे मिटून लादीवरून तळवा फिरवायचे. "डावीकडे सूतभर उतरलीय." भिंत सरळ आहे का बघायचं असेल तर खिशातून पितळी ओळंबा निघायचा. तो दोरीला शांत लटकेपर्यंत कोणी बोलायचं नाही, मालकसुद्धा.

तुम्ही आखातात राहिला असाल तर असा एक माणूस तुम्हीही पाहिला असेल. दर दोन वर्षांनी ते म्हणायचे, "एवढी टर्म झाली की खलास, इन्शाल्ला." आणि दर दोन वर्षांनी नव्या टर्मवर सही करायचे. राजापूरकडे त्यांनी चिऱ्याचं घर बांधलं होतं, निम्मं फोनवरून, निम्मं सुट्टीत. एकदा माझ्या बायकोने विचारलं, "तुमच्या स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं का हो?"

"मे महिन्यात येतं, वहिनी," ते म्हणाले. "बाकीचं माहीत नाही."

तर झालं असं, की इटलीच्या एका दगड विकणाऱ्या कंपनीने मालकाला जहाजाच्या सहलीचं आमंत्रण धाडलं, तिघांचं. मालकाचा गुडघा धरला होता. तो मला म्हणाला, "तुम, भाभी और मिस्त्री जाओ. घुमाओ, खिलाओ, और वापसी से पहले साइन ले लो. यल्ला!" मिस्त्रींची टर्म संपत आली होती आणि पुढे मोठं काम होतं. म्हणून माझ्या बॅगेत, कॅमेरा आणि चिवड्याची पिशवी यांच्या मधे, आणखी दोन वर्षांचा कागद. चार दिवस मी त्यांना गळ्यात माळ घातलेल्या बोकडासारखं जहाजभर फिरवत होतो. कागद काढायचा धीर होत नव्हता.

पाचव्या दिवशी जहाज नेपल्सला लागलं आणि बसने आम्हाला ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेईच्या अवशेषांत नेऊन सोडलं. ऊन शारजातलंच, फक्त पळून एसीत शिरायची सोय नाही. गाइड हिरवी छत्री उंच धरून पुढे आणि नवे बूट चावतात म्हणून मी मागे. सगळी घरं बिनछपराची. तासाभरात मला सगळी एकच वाटू लागली.

तेवढ्यात मिस्त्री दिसेनासे झाले. त्यांना शोधायच्या निमित्ताने पुढे चालणं टळलं, म्हणून मी खुशीत मागे फिरलो. एका घराच्या दारात ते उकिडवे बसले होते, तळवा उंबऱ्यावर.

"साहेब, हात लावून बघा."

लावला. दगड मधोमध ताटलीसारखा खोलगट झाला होता.

"पावसाच्या पाण्याने झालं असेल," मी आपलं ऑफिसातलं ज्ञान पाजळलं.

"पाणी असं बरोब्बर मधेच झिजवत नाही. हे पाय आहेत." त्यांनी हात उचलला नाही. "घरातल्यांचे पाय. आत-बाहेर, आत-बाहेर." "माझा उंबरा काळ्या ग्रॅनाइटचा. शारजाहूनच सामानात घालून नेला होता, कारखान्यात उरलेला तुकडा. बारा वर्षं झाली, अजून तोंड दिसतं त्यात."

"ग्रॅनाइट आहे, मिस्त्री. त्याला झिजायला दोनशे वर्षं लागतील."

"मग सुरुवात कधी करायची?"

मी वाकून बुटांच्या नाड्या सैल केल्या. बूट चावतच होते.

परतीच्या बसमध्ये मी तो कागद काढला. मालकाचा पगार खात होतो, काढावाच लागला. त्यांनी मांडीवर घेऊन त्यावरून तळवा फिरवला, लादीवरून फिरवत तसाच, आणि पेनासकट मला परत दिला.

"खलास, साहेब."

मी 'इन्शाल्ला'ची वाट पाहिली. आला नाही. ते खिडकीला डोकं टेकून झोपून गेले होते.

"तुमको साइन लेने भेजा था, या उसको भगाने?" परतल्यावर मालकाने विचारलं. मी बिनसहीचा कागद त्याच्या टेबलावर ठेवला.

महिन्याभराने विमानतळावर मिस्त्रींनी माझ्या हातात ओळंबा ठेवला. "असू द्या. घरी दुसरा आहे." ट्रॉली ढकलत आत गेले, मागे वळून काही पाहिलं नाही.

अजमानच्या आमच्या फ्लॅटमध्ये येऊन मी ओळंबा हॉलमधल्या कॅलेंडरच्या खिळ्याला लटकवला. शांत व्हायची वाट पाहिली. वर दोरी भिंतीला चिकटलेली, खाली पितळ दोन बोटं लांब.

"अगं, बघ इकडे! आपली भिंत वाकडी आहे!"

ती पोळ्या लाटत होती. बाहेरसुद्धा आली नाही.

"माहितेय. अकरा वर्षं कपाटाखाली पुठ्ठा घालतेय मी. भाड्याची भिंत, म्हणून बोलले नाही."