झाकणावरची तीन बटणं

माझ्या वडिलांच्या फोनला दोन जन्म होते. झाकण उघडलं की तो बोलायचा फोन, मिटलं की गाणी वाजवायचं यंत्र. बहुतेक वेळ तो मिटलेलाच असायचा. तो आमच्या घरात अजून वाजतो. सुतकाच्या वर्षात वाजला म्हणून भावकीत आमच्याबद्दल बरंच बोललं गेलं, अजूनही बोललं जातं. बोलणाऱ्यांना सगळी हकीकत माहीत नाही, म्हणून लिहून ठेवतो आहे. माफी मागण्यासाठी लिहीत नाही.

मी रिसोडला वजनकाट्यावर काम करतो. भरलेल्या ट्रॅक्टरचं वजन घ्यायचं, रिकाम्याचं घ्यायचं, वजाबाकी करायची. दिवसभर हेच. त्यामुळे मोघम बोलणं मला सहन होत नाही. फोनबद्दलही मी मोघम बोलणार नाही.

आधी मी वडिलांना काचेचा फोन घेऊन दिला होता. विळा आणि दोर धरून त्यांच्या अंगठ्यांना भेगा पडल्या होत्या, कातडी जोड्याच्या तळासारखी झालेली. काचेवर बोट ठेवलं की कधी काहीच व्हायचं नाही, कधी नको ते उघडायचं. दोन आठवडे त्यांनी प्रयत्न केला आणि फोन माझ्या हातात परत दिला. म्हणाले, "हा मले ओळखत नाही."

मग आम्ही वाशीमला गेलो. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका दुकानात धूळ बसलेल्या कपाटाच्या तळाशी हा फोन होता. गर्द लाल. झाकणावर एक बारीक खिडकी, तिच्यात वेळ आणि गाण्याचं नाव दिसायचं. खिडकीखाली तीन बटणं: मागचं गाणं, वाजव किंवा थांबव, पुढचं गाणं. मधलं बटण इतर दोहोंपेक्षा उंच, आणि त्यावर मुगाच्या दाण्याएवढा उंचवटा. आवाजाचं बटण डाव्या कडेला. बिजागरीच्या दोन टोकांना दोन स्पीकर. वर जुन्या पद्धतीच्या इअरफोनचं गोल भोक. वडिलांनी डोळे मिटून झाकणावरून अंगठा फिरवला, उंचवटा सापडला, दाबला. दुकानात ठेवलेलं कसलं तरी गाणं खणखणीत सुरू झालं.

दुकानदार सरळ माणूस होता. त्यानं सांगितलं की असे फोन आता कोणी घेत नाही, यात व्हिडिओ चालत नाही, दुसरं काहीही चालत नाही.

"मले पाह्यचं नाही," वडील म्हणाले, "आयकाचं आहे."

घरी आल्यावर मी मोजपट्टी लावली. मिटलेला साडेदहा सेंटीमीटर, उघडलेला एकोणीसच्या थोडा वर. गाण्यांचं कार्ड बॅटरीखाली बसायचं, म्हणजे काढायचं तर आधी बॅटरी काढावी लागायची. कार्डात हजार गाणी आहेत असं दुकानदार म्हणाला होता. मी मोजली, सातशे चौदा निघाली आणि त्यातली त्र्याण्णव दोनदा होती. सिनेमाची जुनी गाणी, भजनं, आणि कव्वाल्या. कव्वाल्या सगळ्यात जास्त. वडिलांना टाळ्यांचा ठेका आवडायचा.

फोनचं पुस्तक मी चष्मा लावून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. त्यातल्या दोन गोष्टी इथे सांगायलाच हव्यात. एक, गाणं जिथे थांबवलं तिथूनच पुढे सुरू होतं. मधे फोन आला, बॅटरी संपली, फोन बंद करून ठेवला, तरी जागा चुकत नाही. दुसरी गोष्ट गजराची. फोन बंद असला तरी ठरलेल्या वेळी तो आपला आपण जागा होतो आणि निवडलेलं गाणं वाजवतो; थांबवलेल्या गाण्याची जागा त्यानं बदलत नाही. कोणी थांबवलं नाही तर थोड्या वेळानं पुन्हा वाजतो. दोन्ही मी करून पाहिल्या. दोन्ही खऱ्या निघाल्या.

वडिलांनी गजराला एक कव्वाली लावायला सांगितली. पहाटे पाचला टाळ्या सुरू व्हायच्या. ते मधलं बटण दाबून ती थांबवायचे, तोवर आई उठून चुलीपाशी गेलेली असायची. दोन कप चहा व्हायचा. चहा पिऊन ते फोन बंडीच्या खिशात टाकायचे आणि गोठ्याकडे निघायचे, आणि त्यांच्या खिशातलं गाणं दूर दूर जात ऐकू यायचं. सकाळी उशिरा परत आले की फोन चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवायचे. आईला मोतीबिंदूनंतर धड दिसत नाही. पण कोणी बोलायला आलं आणि वडिलांनी नुसतं "कमी कर" म्हटलं की ती भाकरी थापता थापता, पीठ लागू नये म्हणून बोटाच्या मागच्या बाजूनं, कडेचं बटण बरोबर दाबायची. मान वळवायचीही नाही.

वडील गेले ते सोयाबीन घरात आल्यावर, एका दुपारी, गोठ्यासमोरच्या बाजेवर. फोन त्या दिवशी खिशातच राहिला होता. झाकण मिटलेलं, गाणं थांबवलेलं. रात्रीतून बॅटरी संपली आणि तो गप्प झाला.

माझी आत्या त्याच रात्री आली. ती वडिलांची धाकटी बहीण, पोहरादेवीकडच्या एका गावात दिलेली. आमच्या घरात रीतीभातीच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. तिचं भावावर प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही. तिनं स्वतः वर्षभर गोड सोडलं आणि पाळलं. तेरवीच्या जेवणानंतर तिनं सगळ्यांसमोर सांगितलं की वरीसभर या घरात सण नाही, गोडधोड नाही, टीव्ही नाही, गाणं नाही. आमच्याकडे अशीच रीत आहे. सगळ्यांनी मान डोलावली. मीही डोलावली.

आई तोवर भिंतीकडे तोंड करून पडायला लागली होती. समोर ताट ठेवलं तर दोन घास खायची. उठवलं तर उठायची, सोडलं की पुन्हा आडवी. चुलीपाशी गेलीच नाही. माझ्या बायकोनं रडून पाहिलं, रागावून पाहिलं. डॉक्टरनं तपासलं आणि काही दुखणं नाही म्हणून सांगितलं. आमच्या गल्लीत दिवाळीत नवरा गेल्यावर अशीच पडून राहिलेली एक बाई होळीआधीच गेली होती. ते घरात सगळ्यांच्या मनात होतं.

तेरवीच्या रात्री मी वडिलांचे कपडे आवरताना फोन चार्जिंगला लावला. का लावला ते सांगता येणार नाही. वस्तू चालू स्थितीत असावी एवढंच माझ्या डोक्यात असतं. पहाटे पाचला, पाहुण्यांनी भरलेल्या घरात, टाळ्या सुरू झाल्या.

आत्या अंथरुणातून उठून आली ती पदर सावरतच. तिनं फोन उघडला, नातवाला करताना पाहिलं होतं तसं लाल बटण दाबून धरलं आणि तो पूर्ण बंद केला. मग लोखंडी कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

"आता वरीस झाल्यावर निघन," ती म्हणाली.

बंद फोनही पाचला वाजतो, हे मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. विसरलो नव्हतो. आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. दुपारच्या एसटीनं आत्या गावाला गेली, किल्ली तिच्याबरोबर गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे कपाट गायला लागलं. पत्र्याच्या आत आवाज घुमून आणखी मोठा झाला होता. टाळ्या तर अशा, की कोणी आतून कपाट बडवतं आहे. मी उठून बसलो. बायको उठली. थोडा वेळ वाजून थांबलं, पुन्हा वाजलं. मी कपाटापाशी जाऊन उभा राहिलो, करण्यासारखं काहीच नव्हतं. मागे वळलो तर आईची गोधडी रिकामी.

ती चुलीपाशी होती. काड्या मोडून घालत होती. तिनं दोन कप चहा केला. एक स्वतः घेतला आणि दुसरा, जरा वेळ हातात धरून, माझ्यापुढे सरकवला.

तिसऱ्या दिवशीही तेच झालं. त्यापुढेही. पाचला कपाट वाजायचं, आई उठायची, आणि एकदा उठली की भाकरी थापेपर्यंत पुन्हा आडवी व्हायची नाही. माझ्या बायकोनं पीठ मळायचं सोडून दिलं आणि मुद्दाम उशिरा उठायला लागली.

गल्लीत मात्र गवगवा झाला. शेजारच्या काकू येऊन म्हणाल्या की म्हाताऱ्याचा जीव कपाटात अडकला आहे. मी त्यांना फोनचं पुस्तक दाखवलं, गजराचं पान वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं, पटलं म्हणाल्या, आणि जाताना कपाटाला हात जोडून गेल्या.

ही बातमी आत्याच्या गावाला पोचायला वेळ लागला नाही. तिचा फोन आला. मी तिलाही गजराचं सांगितलं. बंद फोन वाजत नसतो, मले शिकवू नको, म्हणाली. कपाटाला कोणी हात लावायचा नाही, ती येऊन त्या फोनचं पोटच काढून टाकणार. पोट म्हणजे बॅटरी.

मला दोन काळज्या लागल्या. एक आत्या येण्याची. दुसरी, ती येण्याआधीच बॅटरी संपण्याची. चार्जर बाहेर होता, फोन आत. रोज तो तीन वेळा वाजत होता, आणि कधीतरी पाच वाजणार होते आणि कपाट गप्प राहणार होतं. त्या दिवशी आई उठेल का, याचं उत्तर कुठल्याही पुस्तकात नव्हतं. मी रिसोडच्या एका कुलूपवाल्याशी बोलून आलो. पण त्याला घरी आणण्याआधीच आत्या आली.

ती सकाळीच आली. आई चुलीपाशी होती, ते आत्यानं पाहिलं. पाहून ती एक क्षण थांबली, हे मला नोंदवलं पाहिजे. मग किल्ली काढून कपाट उघडलं, फोन बाहेर काढला आणि माझ्यापुढे धरला.

"याची बॅटरी काढ."

"नाही काढत."

"काहून?"

"आत्या, माय उठून राह्यली. तू गेली तवा ती पडून होती, हे तूच पाह्यलं."

"उठाले गाणं कायले पायजे? मानूस गेला अन् घरात कव्वाली. लोक थुंकतीन आपल्यावर."

मी म्हणालो की लोकांनी थुंकावं. मला लोकांना भाकरी खाऊ घालायची नाही, आईला घालायची आहे. आत्या म्हणाली की मी चार आकडे शिकलो म्हणून बापाची रीत मोडतो आहे. मी म्हणालो की बाप असता तर त्यानं रीत आणि गाणं यातलं काय ठेवलं असतं, ते तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. हे मी चढ्या आवाजात बोललो. बायकोनं दारातून मला खूण केली, तरी मी थांबलो नाही.

तेवढ्यात आईनं हात पुढे केला. पिठाचा हात, तळवा वर. आत्याच्या हातातून तिनं फोन घेतला तेव्हा आत्यानं ओढून धरला नाही. आईनं तो मांडीवर ठेवला. आजवर हा फोन तिनं स्वतः कधी लावला नव्हता, फक्त कमी केला होता. झाकणावरून बोट फिरवत ती उंचवट्याशी थांबली. आधी चुकून बंद फोनचंच बटण दाबत राहिली. मी झाकण उघडून फोन चालू केला, मिटला, आणि तिच्या मांडीवर परत ठेवला. तिनं पुन्हा दाबलं.

कव्वाली लागली नाही. एक जुनं गाणं लागलं, आणि तेही मधूनच. दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ होऊन गेली होती, गाणारी बाई दुसऱ्या ओळीत होती. खोलीत सगळ्यांना समजायला थोडा वेळ लागला. मला सगळ्यात आधी समजलं, कारण पुस्तक मी वाचलं होतं. त्या दुपारी बाजेवर वडिलांनी गाणं तिथे थांबवलं होतं.

"हे तुह्या दादानं लावलं होतं," मी आत्याला म्हणालो. "इथवर आयकलं त्यानं. पुढचं राह्यलं होतं."

आत्या खाली बसली. चुलीत एक काडी फुटली. आईनं गाणं संपेपर्यंत फोन मांडीवरच ठेवला, आणि संपल्यावर पुढचं बटण दाबलं. दुसरं लागलं. बाहेर रस्त्यावरून कोणी तरी जात होतं, ते थबकलं असावं, चपलांचा आवाज थांबला.

आत्यानं दाराकडे पाहिलं. बॅटरीचं ती परत काही बोलली नाही. किल्ली तिनं कपाटाला तशीच लटकत ठेवली होती.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "आवाज तरी कमी कर. लोक आयकून राह्यले."

आईचं बोट फोनच्या डाव्या कडेवर होतं, बरोबर त्या बटणावर. मी समोरच बसलो होतो.

"बाई," आई म्हणाली, "मले दिसत नाही वो. ते बटन कोठी हाये, सापडत नाही."