मावशींच्या पंजाचं माप

आमच्या घरमालकीण मावशींनी समुद्राचा जेवढा कैवार घेतला, तेवढा खुद्द समुद्रानेसुद्धा स्वतःचा कधी घेतला नसेल. मी सांगलीहून बोईसरच्या कारखान्यात नोकरीला आलो आणि कुंभवलीत त्यांच्याकडे भाड्याने राहिलो. त्यांचं माहेर किनाऱ्यावर, भाऊ अजून बोट घेऊन जातो. सासर मात्र कारखान्यांच्या धुराला लागून. चाळीस वर्षं झाली तरी बाई मनाने माहेरीच. खोली देताना लोक आधार कार्ड मागतात. मावशींनी मला विचारलं, पापलेट केवढं खातोस? मी आपला भाबडेपणाने म्हणालो, मिळेल तेवढं. खोली जायचीच बाकी होती!

त्यांचा कायदा असा, की पंजापेक्षा लहान पापलेट घरात आणायचं नाही. पंजा म्हणजे त्यांचा उजवा. बाजारात त्या प्रत्येक कोळणीच्या पाटीतल्या पापलेटवर तो ठेवून बघत आणि मासा खाली झाकला गेला की सुरू होत, लेकरं विकतेस म्हणून. मावशी लांबून दिसल्या की पाट्यांवर भराभर ओली गोणपाटं पडत. मी पिशवी घेऊन चार पावलं मागे, ओळख नसल्यासारखा.

तशात कुणीतरी त्यांना सांगितलं, की समुद्र राखणाऱ्या गावांना एक संस्था देणगी देते. झालं! कारखान्यातली पाळी संपवून आलो की मी फॉर्म भरायला. माहेरच्या बोटींना मोठ्या भोकांची जाळी हवी होती, म्हणजे पिल्लं निसटून जातील. भाऊ तयार होता, पण सगळी जाळी बदलायची ऐपत गावात कुणाचीच नव्हती. फॉर्मात एक प्रश्न होता : कामाचं यश कसं मोजाल? मी डोकं खाजवत बसलो. मावशींनी शाईच्या पॅडवर पंजा दाबला आणि वरच्या-खालच्या रकान्यांची पर्वा न करता पानभर उमटवला. याच्याहून मोठं पापलेट परत गावात आलं की काम झालं, असं खाली लिहायला लावलं. मी गुपचूप त्या पानाची झेरॉक्स काढून ठेवली.

संस्थेची दोन माणसं मावशींचं माहेरचं गाव बघायला आली. मावशींनी लहान मासा न मारण्यावर तासभर व्याख्यान झोडलं आणि आतून त्यांच्या वहिनीने, भावाच्या बायकोने, पानं वाढली. पाहुण्याच्या ताटात पापलेट नसेल तर किनाऱ्यावर नाक कापलं जातं. बिचारीने मिळाली ती तळली होती. बोटाएवढाली, एकेका ताटात चार-चार. गेली देणगी, म्हटलं! वहिनी दाराआड झाली. मावशींनी एका ताटातल्या माशावर पंजा ठेवला. मासा दिसेनासा झाला.

"आमी चोरच," त्या म्हणाल्या. "पन पावन्याला वाढायला दुसरं ऱ्हायलंच नाय. म्हनून तर तुमाला बोलवलं."

पाहुण्यांनी मासे बाजूला सारून नुसता भात खाल्ला. जाळी मात्र आली.

पुढची दोन वर्षं भावाच्या टोपल्या अर्ध्या भरत आणि गाव मावशींच्या नावाने बोटं मोडत असे. त्यांचं जेवण कमी झालं. यंदा नारळी पौर्णिमेनंतर भाऊ एक पापलेट घेऊन कुंभवलीला आला. मावशींनी पंजा ठेवला. शेपटी बाहेर! मी ओरडलोच. मावशी मात्र संधिवाताने वाकलेल्या आपल्या बोटांकडे बघत होत्या.

"मासा वाढला का माजा हात आखडला, कसं कलायचं?"

मी झेरॉक्स आणली. भावाने मासा छापावर ठेवला. शेपटी छापाच्याही बाहेर गेली. मावशी हसल्या आणि मग मासा बाजूला करून त्यांनी त्या ओल्या कागदावर स्वतःचा हात ठेवला. छापातली बोटं त्यांच्या बोटांपुढे पेरभर उरली.

"लहान झाले रे पोरा," त्या म्हणाल्या. "आता मलाच दर्यात सोडायला पायजे."

मी मासा साफ करायला घेतला.

हल्ली बाजारात मी चार पावलं मागे नसतो, त्यांच्या शेजारी असतो. पाटीवर पंजा माझा ठेवतो. शिव्या मात्र अजून त्यांच्याच असतात.