परागाचं रोप

सत्त्याहत्तर सालच्या वसंतात लुआन श्यूछिनचा नवरा विहीर खणताना दरड कोसळून गेला, आणि त्याच आठवड्यात ती काम करी त्या कृषी संशोधन केंद्रावरचा गहू पोटरीत आला, ओंबी अजून पानाच्या आवरणातच होती. चौथ्या दिवशी ती कामावर हजर. केंद्राचे प्रमुख फेइदादा तिला घरी जा म्हणाले, पण पोटरीतली ओंबी चार-पाच दिवसच उपयोगाची असते हे त्यांनाही ठाऊक होतं. 

चीनच्या हपेइ प्रांतातल्या त्या लहानशा प्रयोगशाळेत महागडी रसायनं मिळत नसत. बटाटे उकडून त्यांच्या रसाची जेली काचेच्या नळ्यांत ओतायची. श्यूछिन गव्हाचं एकेक फूल उघडून चिमट्याने त्यातले तीन परागकोश काढी आणि जेलीवर ठेवी. दिवसाला पाचशे. डोळ्यांत पाणी आलं नाही. भटारखान्यातल्या बायका आपसांत म्हणत, हिला काही वाटतच नाही. तिलाही तसंच वाटे.

जुलैपर्यंत दोन हजार परागकोशांतून तेरा कोंब आले. त्यांतले अकरा पांढरेफटक. पांढऱ्या रोपात हरितद्रव्य नसतं, ते जगत नाही. तिने ते उपटले, नळ्या उकळून धुतल्या आणि पालथ्या ठेवल्या.

संध्याकाळी मक्याच्या पेजेचा वाडगा पुढे सरकवत सासूने विचारलं, "दिवसभर करतेस तरी काय गं तिथं?"

"परागापासून रोपं वाढवते, आई."

"म्हणजे नुसत्या बापापासून?"

"हो. त्यांना आई नसते."

म्हातारीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "आमच्या पोराचं तेवढंही मागे राहिलं नाही."

श्यूछिनने पेज संपवली. पोटात काहीतरी गरम गेलं, एवढंच कळलं.

दोन हिरव्या रोपांपैकी एक मातीत लावल्यावर मेलं. नुसत्या परागाचं रोप वांझ राहतं, म्हणून दुसऱ्याला दाणे धरावेत यासाठी तिने त्याची मुळं गुणसूत्रं दुप्पट करणाऱ्या औषधात बुडवली. पुढल्या जूनमध्ये एकोणीस दाणे मिळाले. फेइदादा म्हणाले, वाणाला नाव तू दे. नंबर पुरे, ती म्हणाली.

पुढच्या वर्षी त्या दाण्यांची ओळ उभी राहिली, सगळ्या ओंब्या अगदी एका उंचीच्या. सासू मुद्दाम बघायला आली आणि त्यांच्यावरून हात फिरवत टोकापर्यंत गेली. मागून ओंब्यांची उंची मोजत येणाऱ्या श्यूछिनने मोजपट्टी खिशात ठेवली. दोघी बांधावर बसल्या. रडू तेव्हाही आलं नाही, पण त्या दिवशी वहीत उंची लिहायची राहून गेली.