कुत्र्याच्या पायांना तेल

बायको गेली आणि घरात दोन म्हातारे उरलो. मी आणि तिचा कुत्रा. मला तो कधी आवडला नाही, हे खरं सांगतो. नरोलीच्या कारखान्यात आयुष्य काढून सिल्वासात दोन खोल्या बांधल्या, तेव्हा तोंड दिसेल अशी चकचकीत फरशी तिनेच पसंत केली होती.

त्याच फरशीने कुत्र्याचे हाल केले. उठायला जाई तर मागचे पाय दोन बाजूंना फाकत आणि पोटावर आपटे. चार-पाचदा पडला, मग त्याने उठणंच सोडलं. दारापाशी पडून राही. जागीच मुतायचा आणि तोंड फिरवायचा. मला कळलं, हा असाच संपणार. आणि हा गेला की घरात तिला ओळखणारं माझ्याशिवाय कोणी नाही.

आमच्या खानदेशात पाय गेले की तेल चोळतात, माणूस असो की बैल. तिळाचं तेल कोमट करून तीन दिवस त्याचे पाय चोळले, तळव्यांसकट. चौथ्या दिवशी गडी हिंमत करून उठला आणि असा घसरला की भिंतीवर जाऊन आदळला.

केकाटणं ऐकून शेजारची मास्तरीण धावत आली. कोकणातली, तोंडाने फटकळ.

"काका, काय लावलंत याला?"

"तेल."

"तळव्यांना? मग आता भज्यासारखा तळाच त्याला!"

"तुम्ही शिकलेल्या. सांगा ना मग."

"त्यात शिकायचं काय? स्वतः तेल लावून चाला बघू."

खरं होतं. मशीनखाली तेल सांडलं की आम्ही आधी गोणपाट टाकायचो, मगच पाऊल. जन्मभर हे केलं आणि घरात अक्कल चालली नाही. त्याचे पाय साबणाने धुतले, फरशी पुसली. तळव्यांतले वाढलेले केस मास्तरणीने कात्रीने कापले, मी तोंड धरलं. नुसतं गोणपाट सरकतं, म्हणून खालून सायकलच्या ट्यूबचे तुकडे दाभणाने शिवले. दारापासून पाण्याच्या वाटीपर्यंत वाट केली.

तो उठला. थरथरला, पण उभा राहिला. वाटीपाशी गेला, पाणी प्यायला नाही. आतल्या खोलीच्या लोटलेल्या दाराकडे बघत राहिला. आत तिची खाट आहे. ती गेल्यापासून मी तिकडे पाय ठेवला नव्हता.

"काय रे, तिकडे कोण आहे आता?"

तो हलेना. मग उरलेलं गोणपाट उचललं आणि दार ढकललं. खाटेपर्यंत अंथरायचं, तर मलाच आधी आत जावं लागलं.