एका बॅटरीवरचे दोन रिले

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो माझ्या वहिनीचा. मोठा भाऊ गेला तेव्हा मी नागपूरला शिकत होतो. शिक्षण सोडून गावी, रोहण्याला, परत आलो, तर तिने मला वळकटीसुद्धा सोडू दिली नाही. "शेत मी पाह्यतो, भाऊजी. तुमी परत जा." आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो तिच्यामुळे. तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "ते झोपले होते म्हनतात. खरंच झोपले होते काय, तेवढं पाहून सांगजा."

भाऊ एका कापडगिरणीच्या वीजघरात बोर्डावर कामाला होता. खंडेनवमीच्या दुपारी जनित्राच्या आत बिघाड झाला. ते आपोआप तारांपासून सुटायला हवे होते, सुटले नाही, जळाले. भाऊ त्या आगीत गेला. तो ब्रेकरपाशी, म्हणजे जनित्र तोडणाऱ्या मोठ्या स्विचपाशी, सापडला. कामावर झोपला होता, उठून पळताना पडला, असे चौकशीत ठरवण्यात आले. गावात हे वहिनीला तोंडावर ऐकवत.

पदवी घेऊन मी त्याच वीजघरात लागलो. तिथे भावाच्या स्टुलावर कोणी बसत नसे. चहा आला की एक पेला त्यावर ठेवायचे आणि निवल्यावर ओतून द्यायचे. मी पहिल्या दिवशी नकळत बसलो.

"इंजिनेर झाला तरी ऊठ रे बाबू," म्हातारे मिस्त्री म्हणाले, "तो येतच असन."

कोणी हसले नाही. पुढे पॅनेलमागे गेलो की मला त्याचा खोकला ऐकू येऊ लागला. मी मागे वळून पाहणे सोडून दिले. वळल्यावर तिथे कोणी नसायचे, आणि ते जास्त वाईट वाटायचे.

जनित्रावर दोन रिले होते. रिले म्हणजे पहारेकरी. आत बिघाड झाला की तो ब्रेकरला सुटण्याचा हुकूम देतो आणि जनित्र मोकळे होते. एक चुकला तर दुसरा असावा, म्हणून दोन. मग त्या दिवशी दोघेही कसे चुकले? नव्या जनित्रावरही तीच मांडणी होती, म्हणून हा प्रश्न मला झोपू देत नसे.

पुढची खंडेनवमी आली. सकाळी मिस्त्रींनी बॅटरीच्या चार्जरला हळदकुंकू वाहिले, फूल ठेवले आणि तो बंद केला.

"काका, हे काय?"

"आज अवजाराले विसावा. गिरणी चालू हाय, मशीन त बंद करता येत नाई. मंग याले तरी."

"दरवर्षी?"

"पयलेपासून. तुहा भाऊच करे. मोठ्या भक्तीनं करे. त्या दिवशीबी त्यानंच केलं."

दोन्ही रिले हुकूम द्यायचे ते त्या एकाच बॅटरीच्या जोरावर. बॅटरी जुनी, बोर्डावरचे दिवेही तिच्यावरच जळत; चार्जर बंद राहिला तर दुपारपर्यंत ती उतरणार. मी चार्जर तिथल्या तिथे चालू केला. मिस्त्री रागावून बाहेर निघून गेले.

दिवाळीत गिरणी बंद होती. गिरणीच्या साहेबांच्या परवानगीने मी सकाळी चार्जर बंद ठेवला आणि दुपारी सर्वांसमोर दोन्ही रिलेंना खोट्या बिघाडाचा प्रवाह दिला. दोघांच्याही निशाण्या पडल्या, म्हणजे बिघाड दोघांनीही ओळखला. पहारेकरी जागे होते. ब्रेकर नुसता गुणगुणला, सुटला नाही.

"म्हंजे तो हातानं सोडवाले गेलता," मिस्त्री म्हणाले आणि खाली बसले.

साहेबांनी झोपेचा शेरा काढून टाकला आणि दुसऱ्या रिलेसाठी वेगळी बॅटरी मागवली. दोन्ही बॅटऱ्यांना एकाच दिवशी विसावा द्यायचा नाही, एवढे मिस्त्रींनी कबूल केले. त्या आठवड्यात मी रोहण्याला हे पत्र टाकले:

"वहिनी, दादा झोपला नव्हता. यंत्र आपोआप सुटले नाही, कारण बॅटरीत जोर उरला नव्हता. म्हणून तो हाताने सोडवायला गेला. पळाला असता तर वाचला असता. आणखी एक सांगतो. बॅटरीचा चार्जर त्या सकाळी पूजा करून त्यानेच बंद केला होता. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तरी त्याने हेच केले असते. हे लिहू नये असे फार वाटले, पण तुम्ही पाहून सांगा म्हणाला होतात. आता कोणी झोपेचे बोलले तर हे पत्र वाचून दाखवा. चार्जरच्या ओळी ऐकवायच्या की नाही, ते तुम्ही ठरवा."