बोरतळचा जपानी पंच

उदगीरच्या मोंढ्यात सरकी-पेंडीची दुकानं पुष्कळ आहेत आणि बसलिंगप्पांचं त्यातलंच एक आहे, यापलीकडे त्या दुकानाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. गिऱ्हाईक येतं, पेंड हुंगतं, नाक मुरडतं आणि तीच घेऊन जातं. मोंढ्यात बसलिंगप्पांना कुणी बैठकीत पुढं बसवत नाही. व्यापाऱ्यांच्या सत्काराच्या फोटोत ते नेहमी कुणाच्या तरी खांद्यामागून अर्धे दिसतात. पण चैत्रातल्या एका दिवशी, त्यांच्या मूळगावी बोरतळला, याच माणसाला फेटा बांधून हलगीच्या तालावर वेशीपासून आखाड्यापर्यंत मिरवत नेत. महादेवाच्या जत्रेतल्या कुस्त्यांचे ते पंच होते. उरलेलं सगळं वर्ष बसलिंगप्पा त्या एका दिवसाच्या भांडवलावर काढत.

पंच व्हायला कुस्ती यावी लागते, असा काही भोळ्या लोकांचा समज असतो. बसलिंगप्पा आयुष्यात एकदाच आखाड्यात उतरले होते, लहानपणी, नारळाच्या कुस्तीला. समोरचा जोडीदार ऐनवेळी घाबरून आईकडे पळाला, म्हणून हे नारळ घेऊन घरी आले. त्यांना पंच केलं ते निराळ्याच गुणावर. बोरतळात पाटलांच्या दोन भावक्या आहेत. एकीचा पंच दुसरीला चालत नाही आणि दुसरीचा पहिलीला. मग दोन्हीकडच्या म्हशी ज्याची पेंड खातात तो माणूस निःपक्षपाती, असं गावानं ठरवलं. शिवाय शेवटच्या कुस्तीचं चांदीचं कडं दरवर्षी बसलिंगप्पाच देत. कडं देणाऱ्याच्या हाती शिट्टी द्यावी, एवढा व्यवहार गावाला कळत होता.

कामही अवघड नव्हतं. शेवटची मोठी कुस्ती बरोबरीत सोडवायची, हे आदल्या संध्याकाळी जत्रा कमिटीचे अध्यक्ष संगमेश्वर पाटील यांच्या ओसरीवर पैलवानांसमक्ष ठरत असे. बाहेरचा पैलवान हरला तर पुढच्या साली येत नाही, आणि गावचा हरला तर गाव जेवत नाही. तेव्हा दोघांनी दिवस कलेपर्यंत एकमेकांच्या मानेवर हात टाकून उभं राहायचं, मधूनच मांडी थोपटायची, आणि अंधारून आलं की बसलिंगप्पांनी शिट्टी फुंकून दोघांचेही हात वर करायचे. कुणीच जिंकलं नाही म्हणून कडं देवाला. महादेवाच्या पेटीत इतकी कडी साठली होती की, हिशेबानं पाहिलं तर पंचक्रोशीत न हरलेला पैलवान तोच.

घोटाळा टीव्हीनं केला. बसलिंगप्पा दुपारी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून घरी जेवायला येत आणि जेवल्यावर टीव्हीसमोर पेंगत. असेच पेंगताना रिमोटवर मांडी पडली आणि जपानची कुठलीशी वाहिनी लागली. दोन अगडबंब माणसं लंगोटासारखं काहीतरी नेसून मिठाच्या मुठी उधळत होती. बसलिंगप्पांनी बायकोला, उमादेवींना, हसायला म्हणून हाक मारली. त्या आल्या, बघितलं, आणि दोन्ही पोती नीट शिवलेली नाहीत एवढं म्हणून आत गेल्या.

पहिल्या दिवशी बसलिंगप्पा पोट धरून हसले. पुढच्या आठवड्यात त्यांचं हसणं थांबलं, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात कुणी हसलं तर त्यांना राग येऊ लागला. सुमोचा सामना नाक पुसेपर्यंत संपतो. तळपायाखेरीज अंगाचा कुठलाही भाग मातीला लागला की हरला, पाय रिंगणाबाहेर गेला की हरला. दोघांचे हात वर करायची सोयच नाही. जन्मभर पेंड विकून आणि बरोबरी सोडवून ज्याचं वय झालं, त्या माणसाला हा प्रकार साक्षात्कारासारखा वाटला तर त्यात नवल नाही. साक्षात्कार होणाऱ्याला अक्कल असावीच लागते असं कुठं आहे?

समालोचन इंग्रजीत असे. बसलिंगप्पांना त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं, त्यामुळे त्यांचा त्यावर पूर्ण विश्वास बसला. अर्थ सांगायला मुलगी होती. सुकन्या विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला होती, ती सुट्टीत घरी आली की बापाशेजारी बसून भाषांतर करी. तिनंच सांगितलं की सर्वांत वरच्या पंचाच्या कमरेला खंजीर असतो. निकाल चुकला तर पोटात खुपसून घ्यायची तयारी आहे, ही त्याची खूण. बसलिंगप्पांनी तिला ते पुन्हा सांगायला लावलं. सुकन्या हसून म्हणाली, "आता कोण खुपसून घेतंय, अप्पा. निकाल फिरला तर पंच अध्यक्षाकडं जाऊन राजीनामा देतो. आणि अध्यक्ष म्हणतो, असू दे, जा कामाला लाग."

राजीनामा द्यायचा आणि तो घ्यायचा नाही. बसलिंगप्पांना जपानची ही रीत फारच थोर वाटली. आपल्याकडे माणसाला एवढा मान कुठं देतात, असं ते त्या रात्री जेवताना दोनदा बोलले.

त्यानंतर मोंढ्यात त्यांच्यापुढं उभं राहायची सोय उरली नाही. सरकी घ्यायला आलेल्या माणसाला आधी हदगावच्या आणि नायगावच्या पैलवानांची निंदा ऐकावी लागे. ही कुस्ती न्हाई, उभ्या उभ्या झोप हाय, असं ते सांगत. ज्या झोपेला स्वतः इतकी वर्षं शिट्टी फुंकली, तिच्याबद्दल ते असे बोलत की ऐकणाऱ्याला वाटावं, हे आजवर ओसाकाला होते आणि परवाच्या गाडीनं उदगीरला उतरले. एका शेतकऱ्यानं विचारलं, ते जपानी पैलवान पेंड खातात का. त्यावर बसलिंगप्पांनी गंभीरपणे, नाही, मासे-भाज्या घालून उकळलेलं कालवण खातात, असं उत्तर दिलं. शेतकरी पेंड न घेताच गेला. घरी उमादेवी म्हणत, "जपानचं तमाम कळतंय. गॅसचा नंबर लावायचं तेवढं कळत न्हाई."

मार्चमधली सुमोची स्पर्धा संपली आणि मागोमाग बोरतळची जत्रा आली. बसलिंगप्पा सुधारणांची यादी घेऊन संगमेश्वर पाटलांच्या ओसरीवर गेले. पहिली मागणी मिठाची. संगमेश्वर वयानं लहान आणि नात्यानं लांबचे भाऊ, पण बोलताना ते कुणापेक्षाच लहान नसत. ते म्हणाले, "अण्णा, मीठ दृष्ट काढायला असतंय. सोललेल्या ढोपरावर मीठ पडलं तर पैलवान जोडीदाराला सोडून तुमालाच धरील." मीठ गेलं. दुसरी मागणी आखाड्याभोवती फक्कीच्या पांढऱ्या रेघेची. ही मात्र संगमेश्वरांनी जागेवर मान्य केली. दरवर्षी माणसं पैलवानांच्या अंगावर येऊन बसतात, रेघ असली तर मागं राहतील, असा त्यांचा हिशेब होता. बसलिंगप्पांना वाटलं, जपान आलं. संगमेश्वरांना वाटलं, बंदोबस्त झाला. दोघांनी एकमेकांना काही विचारलं नाही आणि समाधानानं चहा प्याले. त्याच बैठकीत हदगावचा पंढरी आणि गावचा भागवत यांची शेवटची कुस्ती नेहमीप्रमाणे बरोबरीत सोडवायचं ठरलं. बसलिंगप्पांनी नेहमीप्रमाणे मान हलवली.

जत्रेच्या दिवशी त्यांना फेटा बांधला, मिरवलं. हातात उमादेवींचा ताडाच्या पानाचा पंखा होता. सुमोचा पंच पंख्यानं कौल देतो. लोकांना वाटलं, बसलिंगप्पा सावकाराला उकडतंय. कमरेला खंजिराच्या जागी, करदोड्याला, दुकानाच्या चाव्यांचा जुडगा होता. रेवड्यांच्या कुस्त्या झाल्या, नारळाच्या झाल्या. पोरं रेघेबाहेर जात, परत आत येत, आणि बसलिंगप्पा दर वेळी डोळे मिटून घेत. शेवटी हलगी बदलली. पंढरी आणि भागवत आत आले. माती कपाळाला लावली, हात मिळवले. बसलिंगप्पांनी शिट्टी फुंकली.

ठरल्याप्रमाणे आता दोघांनी मानेवर हात टाकायचे होते. पण पंढरी तरुण होता, हलगी चांगली वाजत होती, आणि सुरुवातीला थोडं खरं वाटावं म्हणून त्यानं भागवतला छातीनं रेटलं. भागवतही लोकांना बरं दिसावं म्हणून मागं सरकला. एक पाऊल, दुसरं, आणि त्याची टाच फक्कीच्या पलीकडं पडली.

शिट्टी वाजली. बसलिंगप्पांचा हात कुणालाही न विचारता वर गेला आणि उमादेवींचा पंखा पंढरीकडं रोखला गेला.

हलगीवाल्याची टिपरी तशीच थांबली. लोक अजून मांडी घालून नीट बसलेही नव्हते. काहींना वाटलं, साप निघाला. सर्वांत गोंधळला तो जिंकलेला. पंढरीनं कपाळावरची माती पुसली आणि अदबीनं विचारलं, "काका, झाली का कुस्ती?"

"झाली," बसलिंगप्पा म्हणाले. "टाच बाहेर गेली."

या एका क्षणापुरते बसलिंगप्पा खरोखरच निःपक्षपाती होते, असं नोंदवायला हरकत नाही. गावाला निःपक्षपाती पंच नेमका तेवढ्यासाठीच नको असतो. जपानात निकालावर शंका आली की काळ्या अंगरख्यातले मोजके पंच रिंगणात चढून विचारविनिमय करतात. बोरतळात विचारविनिमयाला सगळं गाव चढलं. फक्कीची रेघ पायाखाली कुठं गेली ते कळलं नाही. एक भावकी म्हणाली, सावकार हदगावाला फितूर झाला. दुसरी भावकी म्हणाली, पहिली भावकी म्हणते ते आयुष्यात प्रथमच बरोबर आहे. ज्यांचं तीन पिढ्या पटलं नव्हतं त्यांचं एका टाचेवर पटलं.

संगमेश्वर पाटलांनी वाट काढत येऊन विचारलं, खांदे टेकले का. नाही. पाठ लागली का. नाही. मग चितपट कुठं झाली? बसलिंगप्पा पुन्हा म्हणाले, टाच बाहेर गेली. संगमेश्वर म्हणाले, "अण्णा, टाच बाहेर गेली म्हणून माणूस हरत असता तर ह्या गावात सगळ्यांनी परसाकडं जाताना कुस्त्या हरल्या असत्या."

लोक हसले, आणि तिथं खरा निकाल लागला. शिट्टी गावातल्या एका मास्तराच्या हाती दिली. पंढरी आणि भागवत पुन्हा उभे राहिले, मानेवर हात टाकले, मांड्या थोपटल्या, आणि दिवेलागणीला बरोबरी झाली. मास्तरानं दोन हात वर केले. टाळ्या कडाडल्या. बसलिंगप्पांचं कडं महादेवाच्या पेटीत पडलं.

माणूस शहाणा असता तर त्या रात्रीच एसटीनं उदगीरला गेला असता. पण बसलिंगप्पा मुक्कामाला राहिले, कारण जपानात यापुढं काय होतं ते त्यांना पाठ होतं. सकाळी अंघोळ करून, भस्म लावून, धुतलेलं धोतर नेसून ते देवळाच्या मंडपात गेले. मास्तराकडून शिट्टी मागून आणली होती. ती त्यांनी ताटात ठेवली, शेजारी सुपारी ठेवली, आणि ताट कमिटीसमोर सरकवलं. निकालात चूक झाली असं आपलं म्हणणं नाही, पण निकाल फिरला, तेव्हा पंचपदाचा राजीनामा देत आहोत, असं ते एका दमात बोलले. मग हात जोडून, मान किंचित खाली घालून उभे राहिले. आता अध्यक्षांनी, असू द्या अण्णा, कामाला लागा, म्हणायचं होतं. त्यावर आपण दोनदा नाही म्हणून तिसऱ्यांदा हो म्हणायचं, हेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

"बरं," संगमेश्वर म्हणाले.

बसलिंगप्पा वाट बघत राहिले. संगमेश्वरांनी सुपारी उचलली, अडकित्त्यानं कातरली, सगळ्यांना वाटली, बसलिंगप्पांनाही दिली. मग आठवल्यासारखं म्हणाले, "फेटा पण ठेवून जाता का? मास्तराला बांधायला लागंल. आन कडं तेवढं चालू राहू द्या, अण्णा. देवाचं काम हाय."

बसलिंगप्पांनी फेटा ठेवला. कड्याला हो म्हणाले. ते तिसऱ्यांदाही नव्हे, पहिल्यांदाच म्हणाले.

उन्हाळा वाढला. मे महिन्यात सुमोची पुढची स्पर्धा लागली. मोंढ्यात सावकारांना आता जपानची खबर कुणी विचारत नव्हतं. पंख्याबद्दल मात्र रोज कुणीतरी विचारी. दुपारी शटर अर्ध्यावर ओढून ते घरी येत आणि टीव्ही लावत. एके दिवशी तिथल्या वरच्या पंचाचा निकाल फिरला. काळ्या अंगरख्यातले चढले, बोलले, उतरले, आणि कौल दुसऱ्या बाजूला दिला. रेशमी झग्यातला म्हातारा पंच शांतपणे उभा होता. बसलिंगप्पा पुढं सरकून बसले.

"आता ह्यो राजीनामा देईल," ते म्हणाले. "आन ते घ्यायचे न्हाईत. बघ तू."

उमादेवी खाली बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी पडद्याकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं.

"त्याच्या कमरेला खंजीर हाय," त्या म्हणाल्या. "तुमच्या कमरेला चाव्या होत्या. चाव्या असल्या की मानूस दुकान उघडायला जातंच की. मग तुमचा राजीनामा घ्यायला कमिटीला कशाचं भ्या?"

बसलिंगप्पांनी करदोड्याला हात लावला. जुडगा होता तिथंच होता. दुसऱ्या दिवशी तो म्हातारा पंच पुन्हा रिंगणात उभा दिसला, पंखा घेऊन. बसलिंगप्पांनी तेवढं बघितलं, टीव्ही बंद केला आणि शटर वर करायला दुकानी गेले. बोरतळच्या दोन्ही भावक्यांची पेंड भरून ठेवायची होती.