मेश्रामभाऊंचा दहा

"खोडलं! हे खोडलं हाय! मले बुद्धू समजून राहिला का बे?"

मेश्रामभाऊ ओरडले तेव्हा रायपूरच्या शंकर नगरातल्या जुन्या कार्डांच्या दुकानातला पंखा दचकून बंद पडला. वीज गेली होती, असं दुकानदार म्हणतो. पण मी तिथं होतो. एक कॉलेजकुमार पहिलवानाचं जुनं कार्ड विकायला आला होता. भाऊंनी ते दाराच्या उजेडात तिरपं धरलं. "पाय इथं. पेन्सिलीनं काहीतरी लिवलं होतं. रबर मारलं का चमक मरते. आता ह्यात चणे बांध." पोरगा "सॉरी अंकल" म्हणत असा पळाला, की त्याची सावली दुकानातच राहिली. ती भाऊंनी झाडून बाहेर काढली.

ही आमची पहिली भेट. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेला हा माणूस, आणि नाद कसला, तर च्युइंगगमसोबत मिळायच्या त्या कार्डांचा! असं कार्ड परदेशी कंपनीकडे पाठवायचं. ती कोपरे, कडा, चमक, छपाई तपासून दहापैकी नंबर देते आणि कार्ड जाड प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत पाठवते. त्या नंबरची किती कार्डं जगात आहेत, तेही सांगते. जितकी कमी, तितका भाव जास्त. भाऊंचा अंदाज कंपनीच्या नंबराशी इतका जुळायचा, की कंपनीच त्यांना चोरून फोन करते असा माझा संशय होता.

चौबे कॉलनीत ते माझ्या समोरच राहतात, हे त्या दिवशी कळलं. भिंगातून कार्ड बघताना श्वास इतका वेळ रोखायचे, की वहिनी दर खेपेला आरसा घेऊन नाकापाशी धरायच्या. नंबर द्यायचा रोग मात्र कार्डांपुरता नव्हता. टरबूज, जावई, नवा रायपूरचे रस्ते, काही सुटायचं नाही. एका लग्नात टकल्या नवरदेवाला आहेर देताना माझ्या कानात म्हणाले, "सहा. वरचे दोन्ही कोपरे झडले." मी हसलो आणि नवरीच्या मामाशी माझं कायमचं बिनसलं.

"छापते त लाखानं," ते सांगायचे. "पोट्टे खेळते, घासते, फाडते. जे खेळलंच नाई, ते दुर्मिळ. समजलं का?"

मला समजलं नव्हतं. कपाटातलं ते एक कार्ड दाखवलं, तेव्हा समजलं. केसाळ पहिलवान, कोपरे सुईसारखे, चमक जशीच्या तशी. मागं पेन्सिलीनं लिहिलेलं: पंकज, तिसरी ब. शाळेत कार्डं चोरीला जात, म्हणून नाव. ज्या आठवड्यात ते मिळालं त्याच आठवड्यात पंकजला कावीळ झाली. तो त्याच्याशी खेळलाच नाही. भाऊंचा एकुलता एक. इथं मला काही वाढवून सांगता येत नाही.

भाऊ कार्डाची पुढची बाजू बघत. वहिनी फक्त मागची.

मग एकदा भाऊंनी ते दुकानात नेलं. दुकानदारानं उलटसुलट पाहिलं. "अंकल, माल तो दस का है. इसका दस दुनिया में एक भी नहीं निकला अभी तक. पर पीछे नाम लिखा है ना, नाम के साथ दस नहीं देंगे."

त्या दिवसापासून भाऊंना जेवण जाईना. फाटकाशी मला गाठून म्हणाले, "दहा भेटला त पुऱ्या दुनियेत एकच राहीन. डबीत ना कसर, ना ओल. आपण मेलो तरी त्याले कोणी हात लावणार नाई."

"अहो, पण नाव?"

"हलक्या हातानं काढीन. माह्या हातचं कोणाले समजते?"

ज्या माणसाला दुसऱ्याचं रबर दारातून दिसायचं, त्यानं आपल्या हाताला मात्र दहा दिले होते.

पार्सल परत आलं तेव्हा मी त्यांच्याकडे चहा पीत होतो. डबी नव्हती. साध्या पॉलिथिनमध्ये कार्ड आणि एक चिठ्ठी: मागच्या बाजूला खाडाखोड, नंबर देता येत नाही. भाऊंनी ते खिडकीशी तिरपं धरलं. या वेळी ते ओरडले नाहीत.

वहिनींनी हात पुसून कार्ड घेतलं आणि सवयीनं उलटं केलं. मग पुन्हा सुलटं, पुन्हा उलटं. मागच्या बाजूवरून अंगठा फिरवला.

"नाव कुठं हाय?"

भाऊ चमकेबद्दल, कंपनीबद्दल, दहाबद्दल काहीतरी बोलत राहिले. वहिनींनी कार्ड टेबलावर ठेवलं, आत जाऊन नळ सोडला. बादली भरून वाहू लागली, तरी नळ बंद झाला नाही.

त्यानंतर भाऊ दुकानात गेले नाहीत. भिंग कुणाला तरी देऊन टाकलं. भाजीवाल्यानं टरबूज पुढं केलं तर न बघता पिशवीत घालायचे. एकदा मी मुद्दाम आमच्या नव्या जावयाला त्यांच्यापुढं उभं केलं, कान पुढं केला. ते म्हणाले, "चांगला हाय." मला घाम फुटला.

शेवटी न राहवून मी म्हणालो, "भाऊ, मनाला लावून घेऊ नका. तसंच कार्ड दुसरं शोधू. कोरं, मागं काही न लिहिलेलं. मिळेल कुठंतरी."

भाऊ पायातली चप्पल नीट करत होते.

"भेटते ना," ते म्हणाले. "लय भेटते."